बाईंची पट्टी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एक तंबोरा मांडीवर आडवा घेऊन त्याच्या तारांखालची घोडी घासत बसलेलो. त्या म्हणाल्या, "दादा, दिवाळी अंकासाठी लिहाच. तुमची पहिली मैफल, सगळ्यात चांगली मैफल आणि सगळ्यात वाईट मैफल." मी म्हटलं, "मॅडम, मी मैफल ऐकत नाही, मी तंबोरा ऐकतो." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय. विनय कसला! माझा धंदाच तो आहे. गाणारा गात असतो, लोक माना डोलवत असतात आणि मी विंगेत बसून देवाला सांगत असतो की बाबा रे, अजून वीस मिनिटं तार उतरू देऊ नकोस.

तरी लिहायला बसलो. बसल्यावर लक्षात आलं की पहिली, चांगली आणि वाईट अशा तिन्ही मैफली एकाच बाईंच्या आहेत. त्यांचं नाव शालिनीबाई. डोंबिवलीत गाणं शिकवायच्या, ठाणे-कल्याणात गायच्या. तुम्ही नाव ऐकलं नसेल. त्यात तुमचं नुकसान आहे, त्यांचं नाही.

आधी धंदा सांगतो. मी गवयांना तंबोरे भाड्याने देतो, दुरुस्त करतो आणि कार्यक्रमाच्या जागी जाऊन लावून देतो. तंबोऱ्याला चार तारा, त्यावर कुठलंही गाणं वाजत नाही. चारही तारा एकामागून एक छेडत राहायच्या, त्यातून गाणाऱ्याला त्याचा 'सा' सतत ऐकू येत राहतो. आता हा सा प्रत्येकाचा वेगळा. कोणाचा गळा उंच, कोणाचा खाली. पेटीच्या ज्या पट्टीवर ज्याचा सा, ती त्याची पट्टी. पुरुष साधारण काळी एक, काळी दोन. बायका काळी चार, काळी पाच. मी एक वही ठेवलीय, तिच्यात ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या झाडून सगळ्या गाणाऱ्यांच्या पट्ट्या आहेत. डॉक्टरकडे नसेल इतकी लोकांची गुपितं माझ्याकडे आहेत. कोण चाळिशीतच अर्धी पट्टी उतरला, कोण सर्दी झाली म्हणून सांगतो आणि खरं काय, सगळं त्या वहीत.

गिऱ्हाईकं म्हणाल तर नाना परींची. एक तरुण गायक आला, खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "अंकल, ॲपमध्ये तंबोरा आहे, तुमचा फक्त स्टेजवर दिसायला पाहिजे." मी म्हटलं, मग मोबाइललाच शाल पांघरव आणि बसव मांडीवर. मानपाड्याला एका हळदीत तर दोन तंबोरे नुसते डेकोरेशनला नेले. वर त्यांच्या तारांना झेंडूच्या माळा बांधल्या! मी कपाळावर हात मारून घेतला. यजमान आमच्यातलाच, लांबचा भाऊबंद. म्हणाला, "अरे दत्ता, तू जमिनीवाला माणूस, हे भोपळे कशाला घेऊन फिरतोस?"

खरं आहे त्याचं. आमचं घर कोपरीचं. आजा मिठागरात राबायचा, बाप थोडी शेती करायचा. नंतर जमिनीवर इमारत उभी राहिली, भावाने रेती-सिमेंटचा धंदा काढला. मी तेवढा कल्याणला चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. चाचा मूळ मिरजेचे, तिथे तंबोरे घडवण्यात घराणीच्या घराणी खपलीत. मी का गेलो, तर आमची आय धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात जी बाई ढवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. ना पेटी, ना तबला, ना तंबोरा. आय एकटी आवाज उचलायची आणि मांडवातल्या बायका तिच्यामागून. तो आवाज माझ्या कानात होता, मग रेती-सिमेंटमध्ये जीव कसा रमणार?

चाचांनी पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली. तंबोरा लावण्याआधी गाणाऱ्यासमोर जाऊन विचारायचं, "आज किती?" म्हणजे आज कुठली पट्टी. मी म्हटलं, "रोजच्या माणसाला काय विचारायचं? माहीतच असते." चाचा म्हणाले, "माहीत असली तरी विचारायची. लाकूड सुद्धा हवेनं फुगतंय, हा तर माणसाचा गळा हाय." मग बोट वर करून म्हणाले, "आणि 'आज' म्हणायला इसरायचं न्हाई." मी मान डोलावली. तेव्हा ते सगळं मला नमस्कार-चमत्कारासारखं वाटलेलं.

पहिली मैफल ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. रविवार, दुपारी चार. मी बावीस वर्षांचा. चाचांना ताप भरलेला म्हणून दोन तंबोरे घेऊन एकटाच गेलेलो. शालिनीबाई तेव्हा पस्तिशीच्या असतील. मोतिया रंगाची साडी, कपाळावर आठी. मी समोर जाऊन विचारलं, "बाई, आज किती?"

"काळी पाच," त्या म्हणाल्या. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू नवीन दिसतोस. लावता येतो का?"

"लावून दाखवतो. नाही जमला तर घरी पाठवा."

मी लावला. घाम टिपत टिपत लावला. बाई डोळे मिटून ऐकत बसल्या. नंतर म्हणाल्या, "मधली एक जोड कणभर चढी आहे." मधल्या दोन तारांना जोड म्हणतात; त्यातल्या चढ्या तारेचा घोडीखालचा मणी मी केसभर सरकवला. तार जागेवर आली आणि काय सांगू, दोन्ही तंबोरे एकदम बोलायला लागले. बाईंच्या कपाळावरची आठी गेली. "आता घरी नको जाऊस," त्या म्हणाल्या, "इथेच बस."

त्यांनी सा लावला तेव्हा मला तारेचा आवाज कुठला आणि गळ्याचा कुठला ते कळेना. अंगावर सरसरून काटा आला. तोवर मला वाटायचं, आपण लाकूड घासतो. त्या दुपारी कळलं की कोणीतरी निर्धास्त उभं राहावं म्हणून आपण जमीन सारवून देतो. घरी येऊन आयला सगळं सांगितलं, पट्टी विचारतात तेही सांगितलं. आय भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "तिला इचारतान? मना त कोनी कधी इचारला नाय." मी हसलेलो तेव्हा. त्याच दिवशी वहीत लिहिलं, 'शालिनीबाई, काळी पाच', आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं बाईंचा एकही कार्यक्रम माझ्या तंबोऱ्याशिवाय झाला नाही. चाचा गेले, दुकान मी कोपरीला आणलं. दर दसऱ्याला बाईंच्या घरी जायचो, त्यांचा घरचा तंबोरा उघडून, पुसून, जवारी काढून द्यायचो. जवारी म्हणजे घोडी घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून आवाजाला गुंजन आणायचं ते काम. नंतर बाई कांदेपोहे द्यायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. "दत्तू, तुझा कान चांगला आहे, पण जीभ फार चालते." हे त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवलं असेल. आणि काळी पाच म्हणजे काळी पाच. साठी उलटली तरी बाईंची पट्टी हलली नाही. बाकीच्या गायिकांना मी आडून सुनवायचो, "आमच्या बाईंकडे बघा." जसा काही तो गळा मीच घडवलेला!

आता वाईट मैफल. हे लिहिताना अजून हात जड होतो.

डोंबिवलीला दिवाळीच्या पहाटे गाण्याचा कार्यक्रम होता. तुम्हाला माहीतच आहे, त्या सकाळी फडके रोडवर अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून उतरते, मुंगीला वाट मिळत नाही. बाईंना यायला त्या गर्दीत उशीर झाला. मधली तीन वर्षं त्या जाहीर गायल्या नव्हत्या. आधी बाईंचे यजमान गेले, मग त्या उन्हाळ्यात त्यांना स्वतःला न्यूमोनिया झालेला. हे सगळं मला माहीत होतं. घरी बघायला गेलो तेव्हा त्या बोलताना मध्येच थांबत होत्या, तेही मी ऐकलेलं. नाही ऐकलं असं म्हणायची सोय नाही.

पेटीवाला नवा होता. त्याने मला विचारलं, "दादा, बाई कितीला गाणार? यायला उशीर होतोय, त्या आल्यावर विचारूया का?"

आणि मी म्हणालो, चार माणसांत, छाती काढून, "बाईंची पट्टी विचारायची? मला? अरे, तू जन्मायच्या आधीपासून काळी पाच आहे ती!"

लोक हसले. मलाही बरं वाटलं. मी दोन्ही तंबोरे काळी पाचला लावले. तबलेवाल्याने तबला त्यावर मिळवला.

बाई आल्या त्या थेट स्टेजवरच. पडदा उघडाच होता, हॉल भरलेला. तंबोऱ्यावर त्यांची शिष्या वैदेही बसलेली, तिने तारा छेडल्या. बाईंनी कान दिला आणि मग विंगेत माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही. अनोळखी स्टेशनवर उतरलेला माणूस इकडेतिकडे बघतो तसं. मला तेव्हाच कळलं. तोंडात मारल्यासारखं झालं. पण चारशे माणसांसमोर मी जाऊन काय सांगणार? आणि त्या तरी कशा म्हणणार, की खाली घ्या? दोन तंबोरे, तबला, सगळं उतरवायचं म्हणजे दहा मिनिटांचं काम, आणि त्या दहा मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येकाला कळतं की बाईंचा गळा आता तो राहिला नाही. हा प्रश्न आम्ही बंद दाराआड, हळू आवाजात विचारतो तो यासाठीच. गाणाऱ्याची लाज आमच्या हातात असते.

बाईंनी आलाप खालच्या खाली फिरवला. सुंदर फिरवला. अनुभवी बाई, पाऊण तास त्यांनी वरचा सा टाळला. पण किती टाळणार? अंतऱ्याला वर जावंच लागतं. त्या गेल्या आणि आवाज फाटला. पुन्हा गेल्या, पुन्हा फाटला. मग त्यांनी मागे वळून वैदेहीला खूण केली. वैदेहीने तो सा लावला, तरुण, सणसणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत बाई हात जोडून म्हणाल्या, "आज एवढंच." दोन तास गाणार होत्या. तासात उठल्या.

तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ बाहेर पडताना बायकोला म्हणाला, "वय झालं आता. थांबायला पाहिजे होतं यांनी." मला त्याची गचांडी धरून ओरडावंसं वाटलं की अरे, वय झालं नाही, मी चूक केली! तंबोरे दोन पट्ट्या खाली असते तर बाईंनी तुला रडवलं असतं. पण मी काही बोललो नाही. तंबोऱ्यांना गवसणी घातली आणि मागच्या दाराने निघालो. शंभर वेळा जीभ चालते म्हणून ऐकलेला मी, त्या दिवशी बाईंसमोर जाऊन 'चुकलो' एवढं सुद्धा म्हणालो नाही.

बाई त्यानंतर जाहीर गायल्या नाहीत. दसरा आला. मला वाटलं, त्या बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. मी गेलो नाही. पुढच्या दसऱ्याला तेच. अशी सात वर्षं गेली. एकदा कल्याणच्या मंडईत लांबून दिसल्या, पिशवीत मेथी घेत होत्या, तर मी चक्क दुसऱ्या गल्लीत वळलो. साठीला टेकलेला माणूस, पण भित्रा म्हणजे किती भित्रा! कानाला खडा मात्र लावला. त्या दिवसापासून शाळेतली पोर गायला आली तरी मी वाकून विचारतो, "बाळ, आज किती?" पण ज्यांना विचारायचं होतं त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मागच्या वर्षी वैदेहीचा फोन आला. "दत्तूकाका, बाईंची बिल्डिंग पाडतायत. नवीन होईपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत जायचंय. जागा नाही. बाई म्हणतात, तंबोरा दत्तूला घेऊन जायला सांग. त्याच्याकडे वाजता तरी राहील."

"त्यांनी माझं नाव घेतलं?"

"तुमचंच घेतलं."

"मग त्या गाणार कशावर?"

"गात नाहीत काका त्या. त्या दिवाळीपासून घरात सुद्धा गात नाहीत. मला शिकवतात ते पण बोलून शिकवतात."

मी फोन ठेवला आणि दुकानात तसाच बसून राहिलो. मला वाटत होतं, बाईंचे कार्यक्रम बंद झालेत. गाणंच बंद झालंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? मीच गल्ल्या बदलत फिरत होतो. आणि आता तंबोरा घरातून गेला की संपलंच. भावाचा टेम्पो सांगितला. पिशवीत मात्र नव्या तारा टाकल्या, त्याही जाड, खालच्या पट्टीला लागतात तशा. का टाकल्या असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं.

सकाळचे दहा-साडेदहा. घरभर खोके. बाई दारातच होत्या, काठी घेऊन, अंगाने निम्म्या झालेल्या. म्हणाल्या, "ये. केस गेले की रे तुझे." बस, एवढंच. जसा काही मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलेलो.

तंबोरा कोपऱ्यात, गवसणीवर धूळ. उघडला तर तारा गंजलेल्या, एक तुटलेली, भोपळा मात्र शाबूत. मी म्हटलं, "बाई, असा उघडाबोडका नेणार नाही मी. तारा चढवून नेतो." वैदेही चहा टाकायला आत गेली. मी जुन्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, घोडी पुसली. हात चालू होते. शेवटी मान खाली घालूनच म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी विचारलं नाही. माझी चूक झाली. माझ्यामुळे तुमचं गाणं गेलं."

त्या म्हणाल्या, "वेड्या, सात वर्षं हे घेऊन बसलायस? तू विचारलं असतंस ना, तरी मी काळी पाचच सांगितलं असतं."

मी वर बघितलं.

"तीन महिने मला घरात काळी पाच लागत नव्हती. मला माहीत होतं, दत्तू. तुझ्या तोंडावर 'काळी चार' म्हणायची मला लाज वाटली असती. सगळीकडे सांगत फिरायचास ना, आमच्या बाईंची पट्टी हलत नाही म्हणून." त्या हसल्या आणि डोळे पदराला पुसले. "तंबोरे ऐकले आणि वाटलं, बरं झालं, याने विचारलं नाही. मग गळा फाटला. तुझ्यावर नाही रे रागावले. माझ्याच गळ्यावर रागावले. त्याच्याशी बोलणंच टाकलं मी."

मी रडलो. लपवत नाही. वैदेही चहा घेऊन आली ती दारातच थांबली. ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या गळ्यांची गुपितं मला ठाऊक होती, पण मीच इतकी वर्षं त्यांच्या गळ्यावर माझ्या बढाईचं ओझं ठेवलंय हे मला ठाऊक नव्हतं.

मग तंबोरा उभा धरला, नीट मांडी घातली आणि चाचांनी शिकवलं तसं समोर बघून विचारलं, "बाई, आज किती?"

"आता कसली पट्टी, दत्तू."

"आज किती, ते सांगा."

"मला माहीत नाही रे."

"मग नाव नका सांगू. नुसता आवाज द्या. जिथे बसेल तिथे."

त्यांनी डोळे मिटले. किती वेळाने कोण जाणे, एक बारीक हुंकार आला. कापरा, जाडसर. मी खुंटी फिरवली. पेटी असती तर फसलोच असतो, कारण तो आवाज पांढरी चारच्या वर आणि काळी तीनच्या खाली होता. दोन सुरांच्या मधोमध. पेटीत तिथे पट्टीच नाही, नुसती फट आहे. पण तंबोऱ्याला फट नसते. तार असते, ती कुठेही थांबते. मला आयची आठवण झाली. तिचा सा कुठल्या पेटीत होता? ती जिथून उचलायची तिथेच अख्खा मांडव यायचा.

चौथी तार लागली आणि खोक्यांनी भरलेली ती खोली बोलायला लागली. बाईंनी सा लावला. हुंकार राहिला नाही, सा झाला. कंप थांबला. मग हळूहळू खालून वर, एकेक सूर हात लावून बघितल्यासारखा, आणि शेवटी वरचा सा. तिथे त्या थांबल्या. फाटला नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पस्तिशीत बघितलं होतं तसं, आणि कपाळावर आठी घालून म्हणाल्या, "मधली जोड कणभर चढी आहे."

चढी होती. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मणी दिसत नव्हता. वैदेहीने वाकून सरकवला.

पाऊण तास गायल्या. ऐकायला आम्ही दोघं. आयुष्यात मी तेवढी एकच मैफल ऐकली, बाकी सगळ्या सांभाळल्या. चहा थंडगार झाला. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या, "चल, ने आता तंबोरा."

मी म्हटलं, "आज नाही जमणार. टेम्पो नाही मिळाला."

त्या काठी टेकत खिडकीशी गेल्या आणि खाली वाकून बघितलं. भावाच्या टेम्पोवर त्याच्या दुकानाचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलंय. बघून मागे वळल्या. "बरं," म्हणाल्या. "मग मिळेल तेव्हा ने."

अजून मिळालेला नाही. बाई आता भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. तंबोरा कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये नेमका मावतो, जागा मीच मोजून दिली. दर गुरुवारी सकाळी कोपरीहून निघतो आणि जातो. वहीतल्या त्या दोन रेघा खोडलेल्या नाहीत, पण पुढे काही लिहीतही नाही. दारात चपला काढतानाच विचारतो, "बाई, आज किती?" त्या हुंकार देतात.

गेल्या गुरुवारी अजून थोडा खाली होता. मी खुंटी सैल केली.